नारळाचा फोन

"तो आंघोळीला गेलाय," पलीकडून त्याची आई म्हणाली.

"तासाभरापूर्वीही आंघोळीलाच गेला होता," मी म्हटलं. "काकी, एवढा वेळ म्हैससुद्धा पाण्यात बसत नाही."

मग ती माउली एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, नारळ आहे का हो?"

"हो," मी म्हटलं. "आहे."

"थांबा मग. देते त्याला."

नारळ म्हणजे माझा फोन. आमच्या कबड्डी संघात पोरांनीच हे नाव पाडलं होतं. हंगामाचे चार महिने माझा फोन त्यांना घरचा वाटायचा. "ताई, बूट फाटले", "ताई, आईची गोळी इथं मिळत नाही", "ताई, खोलीतला पंखा किरकिर करतोय." मी हेमलता जगदाळे, करवीर रांगडे या संघाची ऑपरेशन्स मॅनेजर, म्हणजे एकवीस जणांची पगारी आई. पण हंगाम संपला, की पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं याची यादी लीगकडे जायची, आणि ज्यांना सोडायचं त्यांना फोन करायचं कामही माझ्याच गळ्यात. मग त्या आठवड्यात माझं नाव स्क्रीनवर दिसलं रे दिसलं, की धट्टीकट्टी पोरं आंघोळीला पळायची. मी नुसतं वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी फोन केला तरी समोरचा आधी विचारायचा, "ताई, नारळ नाही ना?"

प्रशिक्षक मोहिते सर त्या दिवशी फोन बंद करून गावी जायचे. दर वर्षी नेमानं. परत आले की विचारायचे, "झालं का सगळं नीट?" जणू मी घरी सत्यनारायण घातला होता.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. त्या हंगामात आम्ही बावीस सामने खेळलो आणि पाच जिंकलो. कोल्हापुरात हरलेल्या संघाला माफी नाही. माझा भाजीवालासुद्धा मेथी देताना म्हणायचा, "मॅडम, पोरांना जरा खायला घाला की." मालकांची शिरोलीला फौंड्री. आधी मी तिथंच ऑफिसात होते, संघ घेतला तेव्हा मला ताराबाई पार्कातल्या नव्या ऑफिसात बसवलं. यंदाच्या हरण्यानं मालक भडकले होते, आणि पुण्याहून आलेले आमचे सीईओ ऋत्विज सहस्रबुद्धे यांनी यादीवर सहा नावं लिहिली होती. वय वर्षं एकोणतीस, बोलणं गोड, कामाला वाघ. मला त्यांनी आल्या आल्याच शिकवलं होतं, "हेमाताई, फोनवर फक्त तीन वाक्यं. संघ तुम्हाला पुढच्या हंगामासाठी ठेवत नाहीये. तुमच्या खेळाबद्दल आभार. कागद पोस्टानं येतील. चौथं वाक्य बोललात की रडारड सुरू होते."

सहा नावांतलं एक होतं नामदेव गुरव.

नामदेव पहिल्या हंगामापासून आमचा उजवा कोपरा सांभाळायचा. चढाई करणाऱ्याचा घोटा त्याच्या हातात सापडला की सुटायचा नाही. गाव गारगोटीच्या पलीकडं, डोंगरात. वय चौतीस, आणि डावा गुडघा गेलेला. पहिल्या हंगामात एका चढाईपटूला आम्ही वाशिमजवळ ढाब्यावर विसरून साठ किलोमीटर पुढं गेलो होतो. ते पोर बिचारं एकटंच दुसऱ्याच्या वाटणीचं जेवत बसलं होतं. तेव्हापासून गाडी सुटायच्या आधी डोकी मोजायचं काम नामदेवनं आपणहून घेतलं. मी मोजायची तेव्हा कायम एकवीस यायचे. नामदेव मोजायचा आणि मागून ओरडायचा, "बावीस! ताई, तुमी सोताला धरत न्हाईसा."

आणखी एक. हंगाम संपल्यावर कुणीही मला फोन करत नसे. करतील कशाला? आई जाऊन दोन वर्षं झाली होती, लग्न मी केलं नव्हतं, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये माझ्याखेरीज बोलणारा फक्त फ्रिज. अधूनमधून घुर्र करायचा, तेवढीच सोबत. पण दर रविवारी साडेबाराला नामदेवचा फोन यायचा. "ताई, जेवलासा का?" मी म्हणायची, "बसतेच आहे." मग तो भात लावणीचं सांगायचा, म्हशीचं सांगायचा, बायको सुवर्णा मागून काहीतरी ओरडायची, तेही सांगायचा. पाच-सात मिनिटं. फोन ठेवला की मी ताट वाढून घ्यायची. हसू नका, पण रविवारी साडेबारा वाजेपर्यंत मी जेवत नसे.

यादीच्या आधीच्या रविवारी तो फोनवर जरा घुटमळला.

"ताई, एक इच्यारू? तासगावजवळ एक निवासी शाळा हाय. खेळाचा मास्तर पायजे त्यास्नी. राहायला खोल्या देत्यात, पोरीची शाळा तिथंच. पर गुरुवारी दुपारी बारापतूर कळवा म्हंत्यात. दुसरा माणूस तयारच हाय त्यांचा."

"मग?"

"मग काय. आपला जीव हितं हाय. आजून एक साल खेळायचंय मला. तुमी ठेवणार असलासा तर मी त्यास्नी न्हाई म्हंतो. पर ठेवणार नसलासा..."

"यादी गुरुवारी सकाळी नक्की होते," मी म्हटलं. "नारळ असला तर बाराच्या आत माझा फोन येईल. नाही आला तर समज, आहेस."

"शब्द?"

"शब्द. अरे, मी कधी तुला ताटकळत ठेवलंय का?"

"न्हाई बा," तो म्हणाला. "जेवा आता."

आणि गुरुवारी सकाळी नऊ वाजता तो कागद माझ्या टेबलावर आला. नामदेवचं नाव वरून दुसरं होतं. मी पहिला फोन केला, तो अलिबागच्या आंघोळवाल्याला. मग दुसऱ्या नावावर बोट ठेवलं, ते उचललं, आणि तिसऱ्या नावावर नेलं.

तिसरा सोनीपतचा होता. त्यानं शांतपणे ऐकलं, "जी मॅडम" म्हणाला आणि मीच रडवेली झाले. चौथ्याचा फोन बंद. त्याच्या भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात फोन लावून त्याला शोधून काढलं. पाचव्यानं शिव्या दिल्या. मला नाही, मोहिते सरांना, पण ऐकल्या मीच. सहावा म्हणाला, "ताई, तुमचा काय दोष," आणि ते शिव्यांपेक्षा वाईट लागलं.

सव्वाअकरा वाजले. कागदावर पाच खुणा झाल्या आणि मधे एक नाव कोरं राहिलं.

मी उठले आणि ऋत्विजच्या केबिनमध्ये गेले.

"नामदेवला ठेवा," मी म्हटलं. "खेळायला नको, राखीव म्हणून ठेवा. पोरांना त्याचा आधार आहे."

"हेमाताई, त्याच्या गुडघ्याचे रिपोर्ट तुम्हीच आणलेत ना?"

"मीच आणलेत."

"मग?" त्यांनी लॅपटॉप मिटला. वाईट माणूस नव्हता तो, उगाच कशाला बोलू. "मी राखीव खेळाडू वाढवू शकत नाही. ते मालकसाहेबांनाच विचारावं लागेल. मला वेळ द्या, साहेबांशी बोलून बघतो."

"किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास. तोवर त्याला फोन करू नका."

मी परत जागेवर आले. समोर भिंतीवर हंगामाचा फोटो होता, त्यात नामदेव खाली गुडघ्यावर बसलेला, दुखऱ्या गुडघ्यावर. फोटोग्राफरनं बसवलं म्हणून बसला होता. साडेअकराला मी चहा केला. पावणेबाराला खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, त्या आदल्या दिवशीच भरपूर प्यायल्या होत्या. बाराला पाच कमी असताना फोन हातात घेतला. नामदेवचं नाव काढलं. अंगठा त्याच्यावर होता.

मी काही नियम मोडायची गरजसुद्धा नव्हती. चार शब्द पुरे होते: "नामदेव, शाळेला हो म्हण." यादीचं नाव न काढता, ऋत्विजला न विचारता. त्याला कळलं असतं.

मी फोन पालथा ठेवला.

बारा वाजून सहा मिनिटांनी तो टेबलावर थरथरला. नामदेव. मी उचलला नाही. थोड्या वेळानं त्याचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. मागं पोरगी गात होती, कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"ताई, कळवून टाकलं बगा त्यास्नी, न्हाई म्हणून. बारा वाजेपतूर फोन हातात धरून बसलो हुतो. सुवर्णा म्हंती, फोडा आता देवापुढं, तुमच्या ताईंचा नारळ आला न्हाई तर आपलाच फोडू! लापशी केलीया. तुमी असतासा तर वाढली असती. आनी ताई, गुडघ्याची काळजी करू नगासा, औंदा मी तेल लावून..." पुढं कुणीतरी हाक मारली आणि ते तिथंच तुटलं.

मी ते एकदाच ऐकलं. परत ऐकायचं धाडस आजवर झालेलं नाही.

पावणेदोनला ऋत्विज दारात येऊन उभे राहिले. "सॉरी हेमाताई. साहेब नाही म्हणाले." आणि मग, कागदाकडं बघत, "उरकून टाका तेवढा. पाचला यादी वेबसाइटवर लागते."

मी पाचला दहा मिनिटं कमी असताना फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. आंघोळीला पळणारा नव्हताच तो.

"बोला ताई! जेवलासा..."

"संघ तुम्हाला पुढच्या हंगामासाठी ठेवत नाहीये," मी म्हटलं. सहा वर्षं ज्याला अरेतुरे केलं त्याला मी तुम्ही म्हणत होते. "तुमच्या खेळाबद्दल आभार. कागद पोस्टानं येतील."

पलीकडं म्हशीची साखळी वाजत होती. मी वाट बघत होते, शिवी देईल, ओरडेल. दिली असती तर बरं झालं असतं.

"किती जनास्नी सोडलं?" त्यानं विचारलं.

"सहा."

"मी कितवा?"

"नामदेव..."

"फोन कितवा माझा, ते सांगा."

"सहावा."

"म्हंजे बाकीच्यास्नी बाराच्या आधीच सांगितलासा?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला जीभ उचलली नाही, हे एकच काय ते मी त्या दिवशी बरं केलं.

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो."

मी लगेच तासगावच्या शाळेत फोन लावला. मुख्याध्यापक सज्जन होते. म्हणाले, "बाई, साडेबारालाच दुसऱ्यांना हो कळवलं. ते सोमवारी रुजू होतील." मी म्हटलं, चूक माझी होती, त्याची नव्हती. ते म्हणाले, "असेल, पण आता मी त्या दुसऱ्या माणसाला काय सांगू?" खरंच होतं ते.

त्या रविवारी साडेबारा वाजले, एक वाजला, दीड वाजला. मीच फोन लावला. सुवर्णानं उचलला. "ते रानात गेल्यात." पुढच्या रविवारी, "ते रानात गेल्यात." तिसऱ्या रविवारी मागून त्याचा खोकला ऐकू आला आणि ती म्हणाली, "ते रानात गेल्यात, ताई. नगा करू फोन." तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. मी बंद केला. ताट वाढून घेतलं आणि फ्रिजकडं तोंड करून जेवले.

नंतरचे हंगाम आले आणि गेले. गाडी सुटताना मी मोजायची आणि एक कमी यायचा. मग ड्रायव्हरच म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला धरलं का?" नारळाचे फोन मी करतच राहिले. फक्त सर्वांत जड नाव सर्वांत आधी घ्यायला लागले.

नामदेवबद्दल उडत उडत कळायचं. दोन वर्षं शेती केली. मग गारगोटीच्या कॉलेजात मुलींना शिकवायला लागला, तेही बिनपगारी. पुढं त्या मुली राज्य पातळीवर चमकल्या, पेपरात फोटो आला. मुली पुढं उभ्या होत्या, हा मागं, अर्धा कापलेला. मी तो फोटो कापून ठेवला.

चौथ्या वर्षी मालकांनी संघ पुण्याच्या एका कंपनीला विकला. आम्हा ऑफिसवाल्यांना एक कागद आला: ज्यांना फौंड्रीत परत यायचं असेल त्यांनी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अर्ज द्यावा, बाकीचे नव्या कंपनीबरोबर जातील असं धरलं जाईल. नव्या कंपनीनं सगळ्यांशी गोड बोलून घेतलं होतं. मी अर्ज खणात टाकला. दहा वर्षं ज्या पोरांमागं धावले ती सोडून परत भट्टीशेजारी बसून गेटपास कोण फाडणार? वय एक्कावन्न. पुण्याला जायची मानसिक तयारीसुद्धा केली होती, फ्रिज न्यायचा का विकायचा एवढंच ठरत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला मी चपला घालत होते तेव्हा फोन वाजला. नंबर मी कधी पुसला नव्हता. नामदेव.

आंघोळीला पळावं, असं मलाही वाटलं.

"ताई, नामदेव बोलतोय."

"बोल."

"नव्या मालकांनी मला घेतलंय. मोहिते सरांच्या हाताखाली. काल पुण्यात बैठक हुती, तितं ऑफिसातल्या मानसांची यादी बगितली." मग पाठ केल्यासारखा बोलला. "संघ तुमाला ठेवत न्हाई. तुमी केलासा त्याचं आभार. कागद सोमवारी यील."

मी भिंतीला टेकले.

"ते सोमवारी सांगनार हैत," तो म्हणाला. "फौंड्रीचा अर्ज आज बारापतूर हाय न्हवं? मोहिते सर म्हनले. द्या जावा. आत्ताच जावा."

"यादीत किती जण आहेत?"

"चार."

"बाकीच्यांना केलास?"

"आता करतो. पैला तुमालाच लावला."

मग जे चार वर्षं घशात होतं ते बाहेर आलं. "नामदेव, त्या दिवशी ऋत्विज म्हणाले होते साहेबांना विचारतो. पण साहेब विमानात होते. दीडपर्यंत उतरणार नव्हते. तिकीट मीच काढलं होतं, मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की बाराच्या आत काही उत्तर येणार नाही. तरी मी थांबले. तू तासगावला गेलास, की संपलं, मला रविवारी कोण फोन करणार, हेच डोक्यात होतं. फक्त माझ्यापुरतं बघितलं मी."

पलीकडं रस्त्यावरचा आवाज होता. एसटीचा हॉर्न वाजला.

"म्हाईत नव्हतं हे," तो हळू म्हणाला.

"राग गेला असेल असं नाही म्हणत मी."

"न्हाई गेला. पोरगी त्या शाळेत शिकली असती, ते काय परत यायचंय?" तो खाकरला. "पर तुमालाबी कुनी बारा वाजून गेल्यावर सांगावं, हे काय मनाला पटलं न्हाई."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यानं फोन ठेवला नाही, तसाच धरून राहिला. मग म्हणाला, "जावा आता. अर्ज द्या."

"जाते."

"ताई."

"काय रे?"

"जेवलासा का?"

सकाळचे साडेनऊसुद्धा वाजले नव्हते.

"बसतेच आहे," मी म्हटलं.